पुसलेली फाइल
संगणकांतून आजोबांच्या छायाचित्रांची फाइल चुकून पुसली गेली म्हणजे घरांत हलकल्लोळ उडतो. प्रथम 'रीसायकल बिन'मध्यें पाहावें. बहुधा ती तेथेंच सांपडते. तेथूनहि गेली, तरी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ग्रंथाच्या अनुक्रमणिकेंतील केवळ एक ओळ खोडल्यासारखें झालेलें असतें. पानें जागच्या जागीं असतात. मात्र ती जागा रिकामी समजून यंत्र तेथें नवें लिहूं लागतें. म्हणून संगणक तत्क्षणीं बंद करावा, डिस्क दुसऱ्या संगणकास जोडावी, 'फोटोरेक'सारखा शोधक प्रोग्रॅम तेथून चालवावा व सांपडेल तें दुसरीकडेच साठवावें. तो प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरविणें हा शुद्ध उतावळेपणा; त्याच्याच भारानें गेलेला मजकूर झांकला जावयाचा! नव्या एसएसडीची गोष्ट निराळी. तेथें 'ट्रिम' आज्ञेनें पुसलेली जागा बहुधा थोड्याच वेळांत कोरी होते. मग जाणत्याचाहि इलाज चालत नाहीं.