कांदा महागला! मिसळीच्या प्लेटमधला कांदा कमी करायचा का?



मिसळ सेंटर सुरू करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांचा ठरलेला प्रश्न असतो, "सर, कांदा महागला की काय करायचं?" आपण नाशिककर. लासलगावची बाजारपेठ आपल्याच जिल्ह्यात, तरी भाव काही आपल्या हातात नाही. सप्टेंबर 2019 मध्ये आणि डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारला कांदा निर्यात बंद करावी लागली होती. म्हणजे भाव वर-खाली होणारच, हे धरूनच धंद्यात उतरायचं.

अशा वेळी बरेच जण प्लेटमधला कांदा कमी करतात किंवा सरळ कोबी देतात. यात खरंच पैसे वाचतात का? चला, वही-पेन घ्या. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

1. एका प्लेटचा माल

मिसळ 100 रुपयांना विकतो असं धरा.

- मटकी: 5 रुपये
- फरसाण: 6
- रस्सा (तेल, मसाला, कांदा-खोबऱ्याचं वाटण): 10
- दोन पाव: 8
- दही-पापड: 7
- चिरलेला कांदा, लिंबू, कोथिंबीर: 4

एकूण 40. म्हणजे एका प्लेटमागे 60 रुपये सुटतात. पण हा नफा नाही हं!

2. दुकानाचा खर्च

भाडं, पगार, गॅस, लाईट मिळून महिन्याला 1,20,000 धरा. रोज 100 प्लेट आणि 26 दिवस, म्हणजे 2,600 प्लेट. एका प्लेटवर साधारण 46 रुपये बसले. 60 मधून 46 गेले, हातात राहिले 14. हा खरा नफा.

3. आता कांदा 20 वरून 60 रुपये किलो झाला

वरून 30 ग्रॅम आणि रश्श्यात 50 ग्रॅम, असा एका प्लेटला 80 ग्रॅम कांदा लागतो. खर्च वाढला 3 रुपये 20 पैसे. नफा 14 वरून 11 च्या आत आला. त्रास आहे, पण दुकान बंद पडत नाही.

आता वरच्या कांद्याऐवजी 20 रुपये किलोचा कोबी दिला तर? वाचले फक्त 1 रुपया 20 पैसे!

4. गिऱ्हाईक गेलं तर?

नाशिकमध्ये मिसळ हा नुसता नाश्ता नाही. रविवारी सकाळी अख्खं घर गाडी काढून मिसळ खायला जातं. चुलीवरची मिसळ, झाडाखालची टेबलं, पोरांना खेळायला जागा, हे सगळं बघून लोक ठिकाण ठरवतात. म्हणजे एक माणूस नाराज झाला की चार प्लेट जातात. प्लेटमागे सुटणारे साधारण 57 गुणिले 4, म्हणजे 228 रुपये गेले. ते भरून काढायला किती प्लेटमध्ये कोबी घालावा लागेल? 190!

आणि रोजच्या 100 प्लेटच्या 75 झाल्या, तर दुकानाचा खर्च प्लेटमागे 46 वरून 61 च्या पुढे जातो. तिथे कांदा स्वस्त असला तरी तोटाच. महाग कांद्यापेक्षा रिकामं टेबल महाग पडतं.

मग करायचं काय?

- हिशेब आजच्या भावाने नको, वर्षाच्या सरासरीने करा. कांदा 20 असताना 35 धरा. स्वस्ताईत उरलेले पैसे महागाईत कामी येतात.
- उन्हाळ्यात स्वस्त कांदा वाळवून काळ्या मसाल्यासाठी ठेवा.
- साठवायचा तर उन्हाळी कांदाच घ्या, तो टिकतो. हवेशीर जागेत पसरून ठेवा, बंद पोत्यात नको.
- रस्सा मोकळ्या हाताने वाढा, पण वाढप्याच्या हातात एकाच मापाची पळी द्या. जादा पाव आणि फरसाणाचे पैसे लावा, आणि ते बोर्डावर लिहा.

या आठवड्याचं काम: तुमच्या पदार्थाची एक प्लेट वजनकाट्यावर ठेवा. एकेक जिन्नस मोजा, वहीत लिहा. अंदाजाने धंदा चालतो, पण टिकतो तो हिशेबानेच.