स्वमग्न मुलगा शाळा सोडतो तेव्हा

गेली तेवीस वर्षे मी परभणी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो आहे. या काळात किती मुले दहावी पास झाली याचा हिशेब शाळेच्या दप्तरात आहे. किती मुले शेवटच्या बाकावरून उठली आणि सरळ घराच्या कोपऱ्यात जाऊन बसली याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. अशा एका मुलाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने मला जे वाचावे-विचारावे लागले त्याविषयी मी लिहितो आहे. मुलगा मानवत भागातल्या आपल्याच वस्तीतला. बाप मोंढ्यात हमाल, आई रोजाने कापूस वेचणारी. त्याचे नाव लिहीत नाही. ते त्याचे आहे. छापू का, असे मी त्याला विचारले आहे आणि त्याने अजून उत्तर दिलेले नाही.

आठवीत तो माझ्या वर्गात आला तेव्हा उंचीने माझ्याएवढा होता. घंटा झाली की दोन्ही कानांवर हात. हाक मारली तर वळून बघत नसे. मात्र कोणत्याही तारखेचा वार विचारा, फळ्याकडे बघत सांगायचा. मुले त्याला 'येडा' म्हणत, आम्ही शिक्षक 'मतिमंद' म्हणत होतो आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या 'भोळं लेकरू' म्हणत. आजीने दोन ठिकाणचे गंडे बांधून आणले होते. 'स्वमग्नता' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो गटसाधन केंद्रातून आलेल्या विशेष शिक्षिकेने. मुलाचे वय तेव्हा चौदा होते.

हा मराठी शब्द मला पटलेला नाही. स्वतःत मग्न म्हणजे स्वतःतच सुखी, त्याला इतर माणसे नकोत, असा त्याचा अर्थ निघतो. वस्तुस्थिती तशी नाही. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. तो रोग नव्हे, त्यावर औषध नाही आणि आईच्या वागण्यातून तो येत नाही. अशा माणसाला न बोललेले कळत नाही. डोळ्याचा इशारा, आवाजातला टोमणा, शब्दामागचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आवाज, उजेड, स्पर्श त्याला आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. ठरलेला क्रम मोडला की तो बिथरतो. कोणी अजिबात बोलत नाही, कोणी पुस्तकासारखे बोलतो; कोणाची बुद्धी मंद असते, कोणाची तल्लख. मी त्याला एकदा म्हणालो, "बाहेर ट्रक आला का बघून ये." तो गेला, बघितला, परत येऊन जागेवर बसला. मी रागावलो. चूक माझी होती. बघून येऊन सांग, असे मी म्हणालोच नव्हतो.

दहावीत तो चार विषयांत राहिला. लेखनिक मिळू शकतो, तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळू शकतो, हे आम्हाला वेळेवर ठाऊक नव्हते. गणितात तो पास झाला. आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, साळा होती तवर दिवस कळत होता. आता याला कुठं ठिवू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुण्या-मुंबईत अशा मुलांसाठी कार्यशाळा आहेत. लातूरला 'उमंग' हे केंद्र झाले आहे. पण ज्या घराचे एका दिवसाचे रोज बुडाले तर संध्याकाळची चूल अडते, त्या घराने मानवतहून लातूर रोज कसे गाठावे?

मग मी वाचू लागलो. अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. ऑटिझम या निदानाचा इतिहास तेथून मांडला जातो. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा. हा पोरगा सतत मोजत बसायचा. त्याला काही वर्षे गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. त्या शेतकऱ्याला मानसशास्त्राचा गंध नव्हता. पोरगा मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजतो हे त्याने पाहिले आणि त्याच ओळी नांगरता नांगरता मोजायला लावल्या. मोजमापाचा नाद पाहून विहीर खणायला आणि ती किती खोल गेली ते सांगायला लावले. सवय मोडली नाही, तिला काम दिले. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, आपल्याच गावच्या बँकेत त्याने उभा जन्म नोकरी केली, मोटार चालवली, जग हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. याच अकरांतल्या ज्या मुलांना लहानपणीच सरकारी संस्थांत टाकले, त्यांचे जे थोडेफार जमत होते तेही तिथे विझले, असे कॅनरनेच १९७१ मध्ये लिहून ठेवले आहे.

ही कथा सांगून थांबणारे पुष्कळ आहेत. आपल्याला थांबता येत नाही. डोनाल्ड ज्या बँकेत लागला ती त्याच्या आजोळची होती. आणि मिसिसिपी म्हणजे काळ्या माणसांच्या रक्ताने भिजलेला प्रदेश. कॅनरच्या अकरा मुलांत एकही काळे मूल नव्हते. काळ्यांच्या झोपड्यांत असे मूल जन्मलेच नसेल काय? जन्मले असेल, त्याला नाव द्यायला डॉक्टर गेला नाही एवढेच. आपल्याकडेही निदान, उपचार आणि काम यांचा रस्ता पांढरपेशांच्या आळीतून जातो. आपल्या पोराला पन्नास वर्षे सांभाळून घेईल अशी बँक आपल्या आजोबांनी काढलेली नाही.

दुसरे एक संकट आहे आणि ते फक्त आपले आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, माणसाचा कल आणि कुवत न बघता ती जन्मावरून धंदा ठरवते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. अपंगांच्या कामाबाबत हाच प्रकार निदानावरून होतो. स्वमग्न म्हटले की मेणबत्त्या आणि पणत्या, मग त्या मुलाला मेणाच्या वासाने मळमळत का असेना. आणि स्वमग्न मुलगा आपल्या वस्तीतला असला तर त्याच्या हातात काय येते, ते मी डोळ्यांनी पाहिले.

तालुक्याच्या गावी ठिबकचे सामान विकणारे एक दुकान होते. शेतकऱ्यांनी परत केलेले जॉइनर, ग्रोमेट, टेकऑफ, एंड कॅप एका पोत्यात कालवून पडलेले असत. हे काम याच्यासाठीच आहे असे मला वाटले. दुपारी गिऱ्हाईक नसताना एक तास, असे सुरू केले. पहिले आठ दिवस मी जवळ बसलो. प्रत्येक खोक्यावर शब्द न लिहिता त्या-त्या वस्तूचा एक नग चिकटवला. "नीट ठेव" असे कोणी म्हणायचे नाही, "सोळाचा जॉइनर या खोक्यात" असे म्हणायचे, हे मालकाला समजावून दिले. कामांचा क्रम पुठ्ठ्यावर चित्रांनी काढला. काम झाले की ते चित्र तो उलटे करी. महिन्याभरात तासाचे चार तास झाले. सोळाच्या खोक्यात विसाचा नग एकदाही सापडला नाही.

चार महिने गेले, पगाराची गोष्ट निघेना. मालक म्हणाला, "सर, पोराचा वेळ जातो, चहा-नाश्ता देतोच की." त्यानंतर कळले की हा दुकानातली मोरी धुतो, मागचे संडासही धुतो. त्याच दुकानात दुसरा नोकर होता, वरच्या आळीतला. त्याला मोरी कधी कोणी सांगितली नव्हती. आमच्या मुलाला सांगितली आणि त्याने मुकाट्याने धुतली, कारण त्याला 'नाही' म्हणता येत नव्हते. आम्ही शिक्षकांनी दहा वर्षे त्याला फक्त 'हो' शिकवले होते. मी, त्याची आई आणि विहारात वर्ग घेणारा एक कार्यकर्ता असे तिघे गेलो, झालेल्या महिन्यांचे पैसे भांडून घेतले आणि ते काम सोडले.

त्या दिवसापासून 'नाही' हा विषय आम्ही शिकवायला घेतला. नको असलेली भाजी वाढायची आणि 'नको' म्हणवून घ्यायचे. न बोलणाऱ्या मुलाला लाल पुठ्ठा दाखवायला शिकवता येते. हे शिक्षण अठराव्या वर्षी सुरू करून भागत नाही, आठवीतच करावे लागते. अंघोळ, दाढी, सुटे पैसे, एसटीत चढणे-उतरणे, दार लावून कपडे बदलणे हेही त्याच वयात. मुलींना पाळीचे कपडे बदलणे आणि कोणाचा स्पर्श चालणार नाही हे सांगणे. मुलींबाबत तर आपली घरे दोनच गोष्टी करतात, कोंडतात किंवा 'लगीन झालं की सुधरंल' म्हणून उजवून टाकतात. लग्नाने ऑटिझम जात नाही. दोन माणसे मात्र बुडतात.

सरकारने काय दिले आहे तेही माहीत असले पाहिजे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याच्या २१ प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के असतील तर सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण. त्यातला एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांनी वाटून घ्यायचा. म्हणजे पाच पंगतींना एक पातेले. तरीही प्रमाणपत्र काढाच. एका कार्यालयात या आईला सांगितले गेले की जातीचा दाखला आहे ना, मग दुसरी सवलत कशाला? हे धादांत खोटे आहे. दिव्यांगांचे आरक्षण आडवे असते. ते अनुसूचित जातीच्या उभ्या आरक्षणाला छेदून जाते, रद्द करत नाही. दोन्ही दाखले काढा आणि दोन्ही पुढे ठेवा.

वय वाढले की लोकांची नजरही बदलते. आठ वर्षांचे पोरगे रस्त्यात हात झाडत उभे राहिले तर लोक हसतात. एकोणीस वर्षांचा तरुण तसाच उभा राहिला आणि विचारलेल्या प्रश्नाला त्याने डोळ्याला डोळा न देता उत्तर दिले नाही, तर तो संशयित होतो. वस्तीत पोलिसांची गाडी येते तेव्हा याचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगायला नको. आम्ही त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवतो: नाव, पत्ता, फोन, आणि 'मी स्वमग्न आहे, मला धरू नका, हळू बोला'. एकदा त्याला पोलीस ठाण्यात नेऊन सर्वांना त्याचा चेहराही दाखवून आणला.

सहा महिने घरी बसल्यावर तो एका रोपवाटिकेत लागला. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचे आणि प्रत्येक खळग्यात एक बी टाकायचे. एका ट्रेला ९८ खळगे. ९७ बिया पडल्या तर तो ट्रे पुढे जाऊच देत नाही. सुरुवातीला बायका वैतागल्या, आता आपलेही ट्रे त्याच्याकडून मोजून घेतात. मजुरी ट्रेवर आहे आणि बायकांना जो दर तोच त्याला. पंप सुरू झाला की तो शेडच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. तेवढे मालकाने मान्य केले आहे.

आईची चिंता आता वेगळी आहे. माझ्यामागे याचे कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते करते. अर्ज माझ्या टेबलावर आहे. तो भरण्याची मला घाई नाही. कोणत्या गोष्टीत त्याला पालक हवा आणि कोणत्या गोष्टीत नको, हे आधी पाहिले पाहिजे. गेल्या महिन्यात मजुरीसाठी खाते उघडायला आम्ही बँकेत गेलो. मागे रांग होती. खिडकीतला माणूस शाईची डबी पुढे सरकवत म्हणाला, "अंगठा चालेल." तो ऐकल्यासारखे न करता लिहीत राहिला: आपले नाव, बापाचे नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण, एकेक अक्षर रेघेला टेकवून. चार मिनिटे लागली. रांग थांबली होती.