गाडी डावीकडे का ओढते?

मारुती ८०० आली १९८३ मध्ये, उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. म्हणजे यातली कुठलीही गाडी आता जुनीच. ती डावीकडे ओढू लागली की लोक थेट अलाइनमेंटला जातात. थोडं थांबा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता बांधतात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे धडधाकट गाडीही किंचित डावीकडे सरकते. सपाट, मोकळ्या जागी तपासा. तिथेही ओढत असेल, तर टायर गार असताना हवा मोजा आणि मग पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करा. ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा.

टायरवरून हात आडवा, दोन्ही दिशांनी फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. ठिकठिकाणी खळगे असतील, तर बहुधा शॉकॲब्सॉर्बर थकलाय. चाक रस्त्याला टेकून न राहता उड्या मारतंय. बॉनेट दाबून सोडण्याची चाचणी मला पुरेशी वाटत नाही, अर्धामुर्धा गेलेला शॉकॲब्सॉर्बर तीत सहज पास होतो. त्यावर तेल ओघळलंय का, तेही बघा.

उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर सस्पेन्शनचे रबरी बुश लवकर जातात. स्पीडब्रेकरवर खट्ट वाजतं, ब्रेक मारताना तोंड फिरतं, ते बऱ्याचदा त्यांच्यामुळे. अलाइनमेंटचं यंत्र उभ्या गाडीचे कोन मोजतं. ढिला बुश ते कोन धावत्या गाडीत सतत बदलत राहतो. म्हणून आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, अलाइनमेंट नंतर.