वाहनदुरुस्ती : कौशल्य आणि वेतन

पूर्व दिल्लीतील मयूर विहारातून मेट्रो पुढे निघाली की न्यू अशोक नगरनंतर नोएडाचे स्थानक येते. तेथे दिल्लीची हद्द संपून उत्तर प्रदेश सुरू झालेला असतो. प्रवाशाला हा बदल जाणवतही नाही. परंतु मोटार मेकॅनिकच्या वेतनाचा विचार करताना ही हद्द विसरून चालत नाही.

किमान वेतनाचे दर राज्य सरकारे ठरवितात. दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगारास दरमहा १८,४५६ रुपये, अर्धकुशल कामगारास २०,३७१ रुपये आणि कुशल कामगारास २२,४११ रुपये असे दर लागू झाले. नोएडातील दर त्या वेळी याहून बरेच कमी होते. क्लच-प्लेट बदलण्याचे काम दोन्हीकडे सारखेच. कायद्याने मिळणारी किमान रक्कम मात्र वेगळी.

दिल्लीच्या दरांतही एक मेख आहे. २०२५ च्या या दरांत अकुशल आणि कुशल यांच्यात महिन्याला ३,९५५ रुपयांचे अंतर होते. मग कुशल कोणाला म्हणायचे? गॅरेजमध्ये शिरलेला मुलगा आधी पाने पुसतो, चाके खोलतो, उस्तादाच्या हाताकडे पाहत राहतो. आठ-दहा वर्षांनी तो इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखतो. तो कुशल असतो यात शंका नाही. पण तसा कागद नसल्यामुळे पुष्कळदा ‘मदतनीस’ म्हणूनच त्याची गणना होते. लहान गॅरेजमध्ये तर हजेरीपत्रकच नसते, त्यामुळे किमान दराची मागणी तरी कशाच्या आधारे करायची?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम येथे उपयोगी पडतो. त्यासाठी विज्ञान व गणित या विषयांसह दहावी उत्तीर्ण असावे लागते. विषय निवडण्याची मुभा असलेल्या विद्यार्थ्याने गणित सोडण्यापूर्वी ही अट पाहून घ्यावी. प्रमाणपत्रानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते. २०१९ च्या नियमांनी अशा उमेदवाराचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरविले होते. ही रक्कम थोडी खरी, पण अधिकृत सेवा केंद्रात प्रवेश बहुधा याच वाटेने मिळतो. काम करीतच शिकलेल्यांसाठी, पूर्वीचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली.

दिल्लीतील मेकॅनिकला विद्या वारंवार नव्याने शिकावी लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर शहरातील बसगाड्या सीएनजीवर आल्या. २०२० मध्ये देशभर भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. हाताच्या अंदाजाने हवा-पेट्रोल जुळविणाऱ्या कारागिराला स्कॅनरवरील संकेत वाचणे भाग पडले.

आता इलेक्ट्रिक वाहने आली आहेत. मेट्रो स्थानकांबाहेरच्या ई-रिक्षांना प्लग नाही, सायलेन्सर नाही. त्यांना बॅटरी, चार्जर आणि वायरिंग जाणणारा माणूस लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत यासाठी वेगळा अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर मात्र याही वाहनांना असतातच, आणि ते काम जुन्या कारागिराच्या हातचे आहे.