छोट्या लाइनचं माप

मी पुण्याला निघालोच होतो, तेव्हा संपादक म्हणाले, कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयावर लिहून आणा. बोरगावकडच्या माणसाला मोठ्या रेल्वेचं फारसं कौतुक नसतं, आमचा जीव छोट्या लाइनवर. ती आमची नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत जायची. २०१५ मध्ये ती बंद पडली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली.

संग्रहालयाचा इतिहास थोडक्यात असा. भाऊ जोशींना छोट्या गाड्यांचा नाद होता. त्या नादातून उभं राहिलेलं लघुनगर १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. त्यात वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत सगळं आहे, वरच्या रुळाला लटकून धावणारी गाडीसुद्धा. खोलीतला उजेड कमी होत जातो, शहरातले इवले दिवे लागतात आणि पोरं एका सुरात ओरडतात. खेळ सुरेख आहे, वाद नाही. मी मात्र रुळांपाशीच अडकलो.

या छंदात जगभर सगळ्यांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणा, जवळजवळ १४३५ येतात. हे युरोप-अमेरिकेचं माप. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे याच प्रमाणात तिला एकोणीस मिलिमीटरच्या वर रुंदी हवी. तेवढा रूळ बाजारात तयार मिळत नाही. म्हणून राजधानी किंवा डेक्कन क्वीन हौसेनं बनवणारे बहुतेक जण तिला परक्या, अरुंद रुळावर उभी करतात. जाणकाराला ती आखूड चप्पल घातल्यासारखी दिसते.

आता आमची छोटी लाइन घ्या. ७६२ भागिले ८७, पावणेनऊ. नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो! मोठ्या लाइनला जे साधत नाही ते हिला जवळजवळ आपोआप साधतं. मोबाइलवर हा भागाकार केला तेव्हा मला खरंच आनंद झाला, आणि लगेच काळजी लागली, कारण सोपं एवढंच आहे.

या लघुगाड्यांना वीज रुळातूनच मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण, बारा व्होल्टपर्यंतचा दाब. ध्रुव उलटले की गाडी मागे चालते. चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. तिथे धूळ, तेल आणि ठिणग्यांची काजळी बसली की इंजिन गचके देतं, मग थांबतं. स्पिरिटचा बोळा दिसायला स्वच्छ रुळावरून फिरवा, काळी रेघ उमटतेच. सांध्यावर तर रूळ मधेच तुटतो आणि तेवढ्या तुकड्यात बऱ्याचदा वीज नसते. लांब इंजिन ते अंतर पार करतं, चार चाकांचं बुटकं तिथेच बसतं. गाडी वळवून त्याच मार्गावर परत आणायची म्हटली, तर डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. मग तेवढा भाग दोन्ही टोकांना कापून वेगळा करायचा, आणि गाडी आत असतानाच ध्रुव पालटायचे. जर्मनीच्या मेर्क्लिननं यावर मधल्या तिसऱ्या स्पर्शाचा तोडगा काढला. दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे, त्यामुळे गाठच पडत नाही.

बोरगावला आमच्या छोट्या लाइनचं असं लघुरूप जमवायचं तर पहिली पंचाईत इंजिनाची. आमच्या लाइनवरची झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं कुण्या परदेशी कारखान्याच्या यादीत दिसत नाहीत. नऊ मिलिमीटरचं परदेशी यंत्र विकत घ्यायचं आणि त्यावर प्लास्टिकच्या पत्र्याची आपली काया चढवायची. काया हलकी, चाकांवर भार कमी, म्हणजे गचके जास्त. आत शिसं भरायचं, तर छोटी मोटर तापते. मापं मात्र मिळतील, नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, टेप घेऊन जावं.

दुसरी पंचाईत जागेची. एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. सौंसरचं नुसतं स्टेशन तीनशे मीटरचं धरलं, तरी साडेतीन मीटरची भिंत गेली, त्यात रामाकोना कुठे बसवणार? दोन फलाट आखूड करा, बाग गाळा, एक वळण मारा, असं करत करत नकाशा ओळखू येईनासा होतो. आणि प्लायवूड. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात वाकतं, सांध्याचं टोक केसभर हललं तरी चाक उतरतं. प्लायवूडखाली लाकडाची चौकट हवी, दर हातभर अंतरावर आडवी पट्टी, आणि दोन्ही बाजूंना वार्निश. त्याचा खर्च इंजिनाच्या आधी धरावा लागतो, हे सुताराकडे जाऊन आल्यावर कळलं. अजून त्याचा अंदाज आलेला नाही.