सातबारा काढण्यापूर्वी
मुलगी म्हणते, ‘बाबा, मला पायलट व्हायचंय’ आणि बाबा सातबारा घेऊन बँकेत निघतात. जरा थांबा! आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. प्रथम वर्ग दोनची, मग वर्ग एकची. डोळ्यांत, कानांत दोष निघालाच, तर तो पैसे भरण्याआधी कळलेला बरा.

व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. गोंदियाला शिका किंवा अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजला, खर्च ४० लाखांपुढे जातो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सहसा विनातारण मिळतं. त्यापुढे घर-जमीन गहाण. मोठ्या विमानाच्या ‘टाइप रेटिंग’चे पैसे बहुधा वेगळेच. शिवाय परवाना म्हणजे नोकरी नव्हे. हप्ते मात्र चुकत नाहीत.

म्हणून आधी तपासणी, मग हिशेब आणि शेवटी सातबारा.