गाठीपासून उपचारापर्यंतची वाट

न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात १९६४ ते १९८६ या काळात स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात होत्या अवघ्या ३९ टक्के. बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब. जवळपास निम्म्या जणी आल्या तेव्हा रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेला होता. ‘अज्ञान’ म्हणून हा प्रश्न झटकता आला असता. तिथले शल्यविशारद डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी तसे केले नाही. १९७९ मध्ये त्यांनी तपासणीची मोफत किंवा स्वस्त सोय केली. तरीही गाठ सापडणे आणि तिचे निदान होणे यांच्यामध्ये बायका गळत होत्या. विम्याचे कागद, डॉक्टरांची परिभाषा आणि भीती, सारेच आडवे येई. म्हणून १९९० पासून रुग्णासोबत वस्तीतलाच ‘वाटाड्या’ देण्यात आला. १९९५ ते २००० मधील रुग्णांत जगण्याचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. श्रेय एकट्या वाटाड्याचे नाही, लवकर तपासणीचेही आहे. पण आरोग्य-साक्षरता ही केवळ रुग्णाने शिकायची गोष्ट नाही. रुग्णाला कळेल असे बोलणे रुग्णालयानेही शिकायचे असते.